सभेपूर्वीचा अभ्यास

विठ्ठलवाडी परिसरातील एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिली, तर तिची बाह्य रचना उपविधींनी पुरती बांधून दिलेली आढळते. १४ दिवसांची पूर्वसूचना, विषयपत्रिका, आणि सभासदांपैकी दोनतृतीयांश किंवा २० यांतील जी लहान ती गणसंख्या. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली म्हणजे तिला तेही बंधन उरत नाही. या तरतुदींनी ठराव वैध होतो. तो विचारान्ती झाला किंवा कसे, हे त्यांवरून ठरत नाही. गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च सभासदास पुष्कळदा सभेतच प्रथम उमगतो आणि घटकाभरात हात वर करावयाचा असतो. मग सभा कलहात संपली, तर दोष सभासदांच्या स्वभावाचा नव्हे, संयोजनाचा होय.

या प्रश्नाची मूलगामी उकल महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने केली आहे. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे दोन प्रथा रूढ झाल्या. ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने व्हावयाचा. आणि ग्रामसभेहून निराळा असा अभ्यासगट चालवावयाचा. अभ्यासगटात बाहेरचा जाणकारही बसतो, शंका विचारतो, माहिती पुरवितो. परंतु तेथे काहीच ठरत नाही. ठरविणे ग्रामसभेचे, आणि तेथे बाहेरच्यास मत नाही.

या फारकतीचे मर्म सूक्ष्म आहे. निर्णयाच्या बैठकीत मनुष्य एकदा पक्ष घेऊन बोलला की मत बदलणे त्यास पराभवासारखे वाटते. जेथे ठरावयाचेच नाही, तेथे अज्ञान कबूल करण्यात कमीपणा नसतो. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाल्यावर आणि २०११ पासून बांबूच्या विक्रीचा व्यवहार हाती आल्यावर अशा सवयीवाचून गावाचा निभाव लागणे कठीण होते.

सर्वसहमतीस वेळ फार लागतो, आणि मौन हीच संमती समजण्याचा धोका तीत बहुमताहूनही अधिक असतो. म्हणून न बोललेल्यास नाव घेऊन विचारणे हे संयोजकाचे पहिले काम. गृहनिर्माण संस्थांत बहुमताचाच नियम चालावयाचा. परंतु पूर्वसूचनेच्या १४ दिवसांत अंदाजपत्रके मांडून, अभियंत्यास बोलावून, मतदानाविना एक संध्याकाळ बसण्यास कोणताही उपविधी आड येत नाही.