गाडीच्या मागून ‘घूंऽऽ’ आवाज येतोय? घरी डिफरन्शियल खोलण्याआधी हे वाचा

संभाजीनगरहून चाळीसगावला जाताना कन्नडच्या औट्रम घाटात गाडी वळते, तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. बोलेरोसारख्या गाडीत मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं ते डिफरन्शियल.

ते घरी दुरुस्त करता येतं का? खोलणं सोपं, जुळवणं अवघड. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बनतात. एक खराब झाला तरी दोन्ही बदलावे लागतात. त्यांच्या दातांमधली मोकळीक अनेक गाड्यांत जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. ती चुकली, तर नवे दातही आवाज करतात आणि लवकर झिजतात.

त्यामुळे डायल गेज आणि कंपनीचं मॅन्युअल नसेल, तर आधी फक्त ऑइलची पातळी तपासा. तेही गाडी स्टँडवर ठेवूनच. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.