कासव आणि मासे : एका टाकीत दोन पार्टनर?

झालं असं की, सेकंड इयरला असताना माझ्या रूम पार्टनरने दोन फुटी काचेची टाकी आणली. त्यात चार गोल्डफिश आणि बिस्किटाएवढं एक हिरवंगार कासव. दुकानदार म्हणाला होता, "दोघं मस्त राहतात, टेन्शन नाही!" पंधरा दिवसांत एका माशाची शेपटी कुरतडलेली दिसली, महिन्याभरात दोन मासे गायब. वास तर असा, की शेजारच्या रूमची पोरं भांडायला आली. मग आम्ही जरा माहिती काढली. ती आधी काढली असती तर बरं झालं असतं.

कानामागे लाल पट्टा असलेलं हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. लहान वयात ते मुख्यतः मांसाहारी, मोठेपणी पाणवनस्पतीही खातं. संथ पोहणारा गोल्डफिश म्हणजे त्याच्या दृष्टीने मेसचं ताट! "मग खाऊ दे की," म्हणाल तर तेही नको. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. रोज तेच खाऊन कासव आजारी पडतं.

दुसरा घोळ पाण्याचा. कासव भरपूर घाण करतं आणि त्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. पण माशांसाठी घेतलेला छोटा फिल्टर कासवापुढे हात टेकतो. कासव फुफ्फुसांनी श्वास घेतं, म्हणून तग धरतं. माशाचे कल्ले मात्र त्याच पाण्यात जळतात. शिवाय कासवाला अंग शेकायला कोरडी जागा आणि यूव्ही-बी किरण लागतात, नाहीतर कवच मऊ पडतं. टाकी खिडकीत ठेवून भागत नाही, कारण साधी काच हे किरण अडवते.

आता थोडं गणित. आमची टाकी २ × १ × १ फूट, म्हणजे काठोकाठ भरली तरी सुमारे ५६ लिटर. कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी, असा ढोबळ नियम आहे. दोन इंची कासवालाच ८० लिटर झाले. ते आठ इंचांचं झालं की ३२० लिटर! आणि ते तीस वर्षंसुद्धा जगू शकतं. आपली डिग्री चार वर्षांची (केटी धरून पाच).

सुट्टी लागताना पार्टनर म्हणाला, "तळ्यात सोडून देऊ, पुण्य लागेल." मलाही आधी ते पटलं होतं. पण हे कासव परक्या पाण्यात देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. जगातल्या सर्वात घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. आणि देशी कासव पाळू म्हणाल, तर स्टार कासवासारख्या प्रजाती पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

शेवटी उरलेले दोन मासे लॅबमधल्या काकांच्या घरच्या टाकीत गेले. कासव पार्टनरने घरी नेलं. आता त्याला मोठा टब, विटांचा कट्टा आणि यूव्ही-बी दिवा आहे. घरच्यांचं बोलणं खाल्लं ते वेगळंच!

तेव्हा मित्रांनो, मासे पाळायचे तर मासेच पाळा. कासव आधीच आणलं असेल तर त्याची टाकी वेगळी करा, हात लावल्यावर साबणाने धुवा (त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो), आणि काहीही झालं तरी ते तळ्यात सोडू नका.