घरच्या संगणकावर मराठी अंक जुळवताना: परवडणारं सॉफ्टवेअर कसं निवडावं

आजचा विषय तसा घरगुती आहे. सोसायटीची रौप्यमहोत्सवी स्मरणिका असेल, मंडळाचा वार्षिक अंक असेल, किंवा आजोबांच्या आठवणींचं चाळीस पानी पुस्तक असेल. ते घरच्याच संगणकावर जुळवायचं आहे आणि खर्च बेताचा ठेवायचा आहे. अशा वेळी बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरची किंमत विचारतात. माझं म्हणणं, किंमत नंतर विचारा. आधी विचारा की, यात टाइप केलेला मजकूर दहा वर्षांनी मला उघडता येईल का?

हा प्रश्न का, ते बघू. अल्डस कंपनीचं पेजमेकर १९८५ मध्ये आलं आणि डीटीपी हा व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडे कित्येक वर्षं डीटीपी म्हणजे पेजमेकर असंच समीकरण होतं. पण पेजमेकरला युनिकोड कधीच समजलं नाही. मग मराठी कशी जुळवायची? त्या काळच्या फाँटांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवले. पडद्यावर आपल्याला 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन लिपीतलंच एखादं अक्षर किंवा चिन्ह असतं. तो फाँट आहे तोवर सगळं ठीक. फाँट हरवला की 'आजोबांच्या आठवणी' म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यात शब्द शोधता येत नाही, मजकूर उचलून ईमेलमध्ये टाकता येत नाही.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ मध्ये आली. त्यामुळे 'माझ्याकडे कॉपी आहे, फुकट टाकून देतो' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. ती प्रत बहुधा चोरटी असते, आणि शिवाय तुमचा मजकूर त्यात अडकून पडतो. म्हणजे फुकट वाटलेली गोष्टच महाग पडते.

तेव्हा युनिकोडमध्ये नीट मराठी जुळवणारं सॉफ्टवेअर हवं. ते ओळखायचं कसं? एक छोटी चाचणी सांगतो. 'दऱ्याखोऱ्यांतून, विठ्ठल, उद्घाटन, कर्तृत्व, किंमत, ॲक्शन' हे शब्द टाइप करा. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो का, 'किंमत'मधली पहिली वेलांटी क च्या डावीकडे बसते का, जोडाक्षरं तुटून मध्ये पाय मोडलेले दिसतात का, हे बघा. 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन आला तर दोष बहुधा फाँटचा असतो. फाँट बदलून बघा. नंतर पीडीएफ करा आणि तीच ओळ पीडीएफमध्येही तपासा. पडद्यावर नीट दिसणारी अक्षरं कधी कधी तिथे बिघडतात.

आता पर्याय. पुस्तकात मुख्यतः सलग मजकूर आणि मोजके फोटो असतील तर लिब्रेऑफिसचं रायटर पुरतं. ते मोफत आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडायची. यात इंग्रजीचा फाँट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा असतो. 'फाँट बदलला तरी मराठी बदलत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

जाहिराती, चौकटी, दोन-तीन स्तंभ असा अंक असेल तर स्क्रायबस घ्या. तेही मोफत, आणि मुळात पानं लावण्यासाठीच केलेलं. पण आवृत्ती बघून घ्या. जुन्या १.४ मालिकेत देवनागरी जुळत नव्हती. २०२४ च्या जानेवारीत १.६ आली, ती किंवा तिच्या पुढची घ्या. हात बसायला आठवडाभर जाईल, हे धरून चला.

ॲफिनिटी २०२५ पासून मोफत झालं आहे. पण त्यात मराठी काम घेण्याआधी वरची चाचणी घ्याच. मायक्रोसॉफ्ट पब्लिशर मात्र आता नव्याने शिकू नका. ऑक्टोबर २०२६ नंतर त्याला आधार मिळणार नाही, असं कंपनीनेच जाहीर केलं आहे. इनडिझाइन उत्तम आहे, पण ते वर्गणीवर मिळतं. वर्गणी थांबली की तुमचीच फाइल तुम्हाला उघडता येत नाही. वर्षातून एक अंक काढणाऱ्याला हे परवडतं का, याचा विचार करा. आणि घेतलंत तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात.

फाँटवरही खर्च करायची गरज नाही. मुक्त परवान्याचे मुक्त, नोटो, तिरो देवनागरी मराठी असे चांगले फाँट मिळतात. ल आणि श यांची वळणं मराठी हवी असतील तर 'मराठी' असं नाव असलेला फाँट घ्या, किंवा मजकुराची भाषा मराठी ठेवून बघा.

काम सुरू करण्याआधी छापखान्यात एक फेरी मारा. 'पीडीएफ चालेल ना? पानाचा आकार काय ठेवू? कापायला किती जागा सोडू?' एवढं विचारा. साधारण ३ मिलिमीटर सांगतात. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. फोटो छपाईच्या आकारात ३०० डीपीआय असावेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो बारीक होऊन येतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

आणि अंक छापून झाला की एका फोल्डरमध्ये सॉफ्टवेअरची फाइल, छपाईची पीडीएफ, मूळ फोटो, वापरलेले फाँट आणि सगळा मजकूर साध्या युनिकोड टेक्स्ट फाइलमध्ये, असं ठेवून द्या. त्याची एक प्रत मंडळातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. उद्या सॉफ्टवेअर बदललं, संगणक बंद पडला, तरी पुढच्या संपादकाला पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करावं लागणार नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.