मोठ्या व्यासाच्या काडतुसाची निवड

जुन्या शिकारी रायफलींविषयीं लिहितांना गोळीचा व्यास व तिचा जोर यांचेच आंकडे बहुधा पुढें येतात. गोळी जितकी मोठी तितकी रायफल श्रेष्ठ, असा समज त्यांतून पसरला आहे. आमचें मत निराळें आहे. हत्ती किंवा रानरेडा यांच्यासमोर उभ्या असलेल्या मनुष्याचा जीव पहिल्या गोळीइतकाच दुसऱ्या गोळीवर अवलंबून असतो. आणि दुसरी गोळी सुटावयाची तर पहिल्या काडतुसाचें रिकामें पितळी नळकांडें नळीच्या कोठ्यांतून विनासायास बाहेर पडलें पाहिजे. गिऱ्हाइकाच्या मागणीवरून बनविलेल्या बोल्ट-रायफलीसाठीं काडतूस कोणतें घ्यावें, हा प्रश्न या कसोटीवर लावून पाहिला म्हणजे इ. स. १८९८ पासूनचा बराचसा इतिहास आपोआप उलगडतो.

काळ्या दारूनें गोळीचा वेग फारसा वाढवितां येत नसे. म्हणून मोठ्या जनावरासाठीं गोळीच जड करावी लागे. १८८९ सालीं एबल व ड्यूअर या शास्त्रज्ञांनीं कॉर्डाइट सिद्ध केल्यावर ही अडचण सरली. १८९८ त रिग्बी यांच्या .४५० नायट्रो एक्स्प्रेस काडतुसानें ४८० ग्रेनची गोळी दर सेकंदास सुमारें २,१५० फूट वेगानें फेंकून दाखविली. परंतु हें काडतूस जोडनळीच्या रायफलीचें. त्याच्या बुडास बाहेर आलेला कांठ असे. पेटींत काडतुसें एकावर एक बसलीं म्हणजे असे कांठ परस्परांत अडकतात. त्याच १८९८ सालीं पॉल माउझर यांची प्रसिद्ध बोल्ट-रायफल तयार झाली. तिला बिनकांठाचीं काडतुसें हवीं होतीं, आणि मोठ्या व्यासाचीं तशीं काडतुसें तेव्हां नव्हतीं.

येथें कारागिरांपुढें खरा पेंच उभा राहिला. माउझरची मूळ यंत्रणा सैनिकी काडतुसासाठीं आंखलेली. त्या काडतुसाची एकंदर लांबी सुमारें ८२ मिलिमीटर व बुडाचा व्यास .४७३ इंच. एवढ्या जागेंत हत्तीचें काडतूस बसविण्याच्या तीन वाटा निघाल्या. जेफ्री यांनीं .४०४ व्यासाचें काडतूस काढलें. तें मूळ यंत्रणेंत बसविण्यासाठीं कांहीं कारागीर तिची पुढची बाजू कोरून घेत. यांत खर्च वांचे, पण जेथें बळकटी हवी तेथील पोलाद कमी होई. वेस्टली रिचर्ड्स यांनीं १९०९ त .४२५ काढतांना नळकांडें जाड ठेवलें व बूड तेवढें बारीक केलें. त्यामुळें माउझरचा मूळ बोल्ट चालला, परंतु पेटींतून पुढें सरकतांना बोल्टला बुडाची पकड थोडी मिळूं लागली. तिसरी वाट रिग्बी यांची. त्यांनीं काडतूस लहान न करितां माउझरची लांब यंत्रणाच घेतली, आणि १९११ त .४१६ रिग्बी प्रसिद्ध केलें : गोळी ४१० ग्रेनची, वेग सुमारें २,३७० फूट.

.४१६ चें नळकांडें दारूच्या मानानें फार ऐसपैस आहे. पाहणाऱ्यास ही उधळपट्टी वाटते. परंतु त्याचें कारण उष्ण देशांत सांपडतें. कॉर्डाइट तापलें म्हणजे त्याचा दाब वाढतो. उन्हांत राहिलेलें काडतूस उडविलें कीं पितळ फुगून कोठ्यास घट्ट चिकटतें, आणि बोल्टची आंकडी त्यास ओढूं शकत नाहीं. आंत मोकळी जागा ठेवली म्हणजे मूळचाच दाब कमी राहतो, आणि उन्हाची वाढ सोसूनही नळकांडें सुटून येतें. १९१२ त हॉलंड आणि हॉलंड यांनीं काढलेल्या .३७५ मॅग्नम काडतुसानें हेंच दुसऱ्या रीतीनें साधलें. तें पुढें निमुळतें होत जातें, म्हणून सहज आंत जातें व सहज निघतें. निमुळत्या खांद्यावर तें नेमकें टेकत नाहीं, याकरितां बुडाशीं एक पट्टा ठेवून त्यावर तें टेकविलें आहे. पट्टा बळकटीसाठीं आहे असें पुष्कळ जण मानतात. तें बरोबर नाहीं.

निवडींत कायद्याचाही हात होता, आणि तो हिंदुस्थानांतूनच पुढें आला. इंग्रज सरकारच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यास .४५० होता. बंडखोरांच्या हातीं गेलेल्या अशा रायफलींस शिकारी काडतुसांचें साहित्य मिळूं नये म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या रायफली व काडतुसें हिंदुस्थानांत आणण्यास बंदी झाली. जोडनळीच्या रायफलींत .४६५, .४७०, .४७५ हीं जवळजवळचीं मापें दिसतात, त्यांचें मूळ या बंदींत आहे. १९०९ ते १९१२ च्या दरम्यानचीं पेटीच्या रायफलींचीं इंग्रजी काडतुसें .३७५, .४१६, .४२५ व .५०५ अशीं .४५० च्या दोन्ही बाजूंस पडतात, हाही केवळ योगायोग नसावा असें आम्हांस वाटतें.

जागेची काटकसर कोठें नेते, याचें उदाहरण पुढें अमेरिकेंत घडलें. विंचेस्टर यांनीं १९५६ त .४५८ मॅग्नम काढलें, तें साधारण लांबीच्या यंत्रणेंत बसावें म्हणून नळकांडें २.५ इंचांचेंच ठेवलें. ५०० ग्रेनच्या गोळीमागें दारू दाबून भरावी लागे. कांहीं काडतुसांत ती कालांतरानें गठ्ठा होऊन नीट जळेनाशी झाली, व वेग घटला. १९५९ त मोझांबिकमध्यें रानरेड्यानें जखमी केलेल्या जॅक लॉट यांनीं पुढें २.८ इंचांचें .४५८ लॉट सिद्ध केलें. नव्या दारूनें मूळ दोष पुष्कळ सुधारला; तथापि रिग्बी यांनीं ४५ वर्षें आधीं पत्करलेली ऐसपैस जागा किती शहाणपणाची होती, तें यावरून कळून येतें.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व १९९१ च्या सुधारणेनें शिकारीचा हा अध्याय मिटला आहे. आफ्रिकेसाठीं रायफल बनवून घेणाऱ्यास मात्र निवड आजही करावी लागते. त्यानें प्रथम यंत्रणेची लांबी, मग उष्णतेंतला दाब, मग तें काडतूस तेथें मिळतें कीं नाहीं हें पाहावें. जोराचा आंकडा सर्वांच्या शेवटीं. या क्रमानें पाहतां सर्वसाधारण कामास .३७५ व केवळ जड जनावरांस .४१६ हींच पुढें येतात.

इतिहासाच्या अभ्यासकास आमची सूचना एवढीच कीं, जुनी रायफल हातीं आली असतां नांवाच्या आंकड्यावर विसंबूं नये. .४०४ ची गोळी वस्तुतः .४२३ इंचांची असते, व .४२५ ची .४३५ इंचांची. कोठ्याची लांबी, बोल्टचें तोंड व पेटीची खोली मोजावी. बनविणाऱ्यानें कोणत्या संकटाची आधीं काळजी वाहिली, तें या तीन मापांत स्पष्ट लिहिलेलें असतें.