गाडीची निगा (लेखांक 6) : पुढच्या काचेवरचे क्षारांचे डाग

काचेवर पाण्याचा थेंब सुकला की पांढरट कडेचे वर्तुळ मागे राहते. ते मळाचे नसते, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे असते. शाम्पूने कितीही घासले तरी ते हलत नाही, याचे कारण हेच.

हे क्षार येतात खडकातून. आपले सोलापूर दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसले आहे. खडकाच्या भेगांतून मुरणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका घेऊन बोअरमध्ये उतरते. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालेल, असे भारतीय मानक (आयएस 10500) सांगते. गाडी धुण्याच्या पाण्याला असे कोणतेच बंधन नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात गाडीच्या वाट्याला बोअरचेच पाणी येते. त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. सात रस्ता चौकाजवळ भर दुपारी उभ्या गाडीच्या तापलेल्या काचेवर थेंब पुसण्याआधीच सुकतो. उष्णतेने कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, काचेला चिकटते. थेंब कडेने आधी आटतो, त्यामुळे डागाची कडाच जास्त जाड असते.

सर्वांत वाईट डाग मात्र घरातूनच येतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत त्यानेच गाडी धुतली जाते. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशीसाठी वापरावे. गॅलरीतल्या कूलरमधून ठिबकणारे पाणीही तसेच. दिवसभर बाष्पीभवन होऊन टाकीत क्षार साठत गेलेले असतात. उलट एसीच्या नळीतून टपकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने जवळजवळ क्षारविरहित असते.

डाग काढण्यासाठी गाडी सावलीत घेऊन काच गार होऊ द्यावी. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहवून न्यावी. कोरडी काच घासली तर धुळीतले वाळूचे कण चरे पाडतात. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेले सुती कापड डागांवर दहा-पंधरा मिनिटे पसरून ठेवावे. व्हिनेगर नसेल तर पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व चालते. जाड थरावर बारीक बुडबुडे दिसतात, ती चुनखडी विरघळत असल्याची खूण. द्रव बॉनेटवर ओघळू देऊ नये. नंतर मऊ कापडाने पुसून साध्या पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे. जुन्या डागांना हे दोन-तीनदा करावे लागते.

तरीही धूसरपणा उरला तर तो बहुधा सिलिकाचा असतो. सौम्य आम्लाला सिलिका दाद देत नाही. तेथे सेरियम ऑक्साइडची पेस्ट उपयोगी पडते. फेल्टच्या पॅडने, काच सतत ओली ठेवून, थोड्या थोड्या भागावर ती फिरवावी. एकाच जागी फार घासले तर काच तापते, तिथे किंचित खोलगटपणा येतो आणि समोरचे दृश्य वाकडे दिसू लागते. चालकाच्या नजरेसमोरच्या भागात हे काम जाणत्या कारागिरानेच करावे.

संडास साफ करण्याचे ॲसिड मात्र कधीही वापरू नये. त्याने क्रोम काळवंडते आणि रंगावर डाग पडतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेली द्रावणे तर काचच खातात, शिवाय त्वचेतून आत शिरून जिवावर बेततात. राख आणि भांड्यांची घासणी यांनीही चरे पडतात.

डाग गेल्यावर वायपरचे रबर ओल्या कापडाने पुसावे, कारण तिथे अडकलेले कण पुन्हा काचेवर ओढले जातात. धुणे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे. शेवटचे पाणी एसीचे, किंवा पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड, एवढेच पुरे. काचेला एक लिटरही खूप होते. वॉशरच्या टाकीतही बोअरचे पाणी भरू नये.

डाग महिनोन्‌महिने तसेच राहिले तर क्षार आणि ओलावा मिळून काचेचा पृष्ठभाग कुरतडतात. काच धुऊन कोरडी केल्यावरही नखाला खाच लागली तर कोणतेही द्रावण ती भरून काढू शकत नाही. रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड अशा खाचांत फुटून डोळ्यांवर येत असेल, तर काच बदलणे हाच उपाय.