दुकानाची राखण : बंदूक कीं लाठी ?

घाटकोपरच्या महात्मा गांधी रस्त्यावर किंवा मुलुंडच्या पांच रस्त्यावर एखाद्या सराफी पेढीच्या दारांत दुनळी घेऊन बसलेला पहारेकरी दिसला म्हणजे शेजारच्या कापडवाल्यासहि वाटूं लागतें कीं, असा एक माणूस आपल्या दारीं असावा. परंतु ही निवड दुरून दिसते तितकी सोपी नाहीं. पहारेकऱ्याच्या खांद्यावर बंदूक आली कीं तिच्यामागून कायद्याची जबाबदारीहि दुकानांत शिरते.

पूर्वीं महाराष्ट्रांत गांवची राखण ज्या रामोश्यांकडे असे, त्यांच्यावर चोराचा माग काढण्याची अथवा नुकसान भरून देण्याची जबाबदारी असे. त्या व्यवस्थेंत हत्यारापेक्षां ओळखीला अधिक मोल होतें. नवखा कोण आला, अवेळीं कोण हिंडतो, हें राखणदारास ठाऊक असे. अंधेरीस मरोळच्या कारखान्यांच्या फाटकावर आजहि मुख्यतः हेंच काम असतें. येणारी गाडी, बाहेर जाणारा माल, नोंदवहींतील सही, रात्रपाळींतील कुलपें, आग लागल्यास मोकळी हवी असलेली वाट, यांपैकीं कशासहि बंदूक लागत नाहीं. उलट ती असली तर पहारेकऱ्याचा एक हात तिच्यांतच गुंतून राहतो.

बंदूकवाला पहारेकरी म्हणजे अर्धा पोलीस, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. गणवेश चढविला तरी कायद्याच्या दृष्टीनें तो सामान्य नागरिकच. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडल्यास तो गुन्हेगारास धरूं शकतो. पण १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें सहा तासांच्या आंत त्यास पोलिसांच्या हवालीं करावें लागतें. गोळी झाडण्याचा प्रश्न तर याहून नाजूक. मालमत्तेच्या रक्षणार्थ जीव घेण्याची मुभा न्याय संहितेनें जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळांतील घरफोडी, राहत्या घरास वा गोदामास आग लावणें, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीति उत्पन्न करणारी चोरी, अशा मोजक्याच प्रसंगीं दिली आहे. तेथेंहि आवश्यकतेपेक्षां अधिक इजा करतां येत नाहीं. पाकीट घेऊन पळणाऱ्या उचल्यावर झाडलेली गोळी या मर्यादेंत बसणें कठीण. आणि छऱ्यांची बंदूक असेल तर अंतर वाढेल तसे छरे पसरणार. बोरिवली स्टेशनाबाहेरची सायंकाळची गर्दी डोळ्यांपुढें आणावी !

तरीहि शस्त्रधारी पहारेकरी सर्वत्रच निरुपयोगी, असें म्हणणें अन्यायाचें होईल. २९ डिसेंबर २०२१ रोजीं बोरिवलीनजीक दहिसर येथें भर दुपारीं दोघे लुटारू बँकेच्या शाखेंत शिरले, एका तरुण कंत्राटी कर्मचाऱ्यास त्यांनीं गोळी घालून ठार मारलें आणि सुमारें अडीच लाख रुपये घेऊन ते पळाले. जेथें रोकड अथवा सोनें रोज उघड्यावर हाताळलें जातें तेथें शस्त्राची मागणी रास्त आहे. रोकड वाहणाऱ्या गाडीबरोबर तर २०१८ च्या केंद्रीय नियमांनीं दोन शस्त्रधारी रक्षक सांगितलेच आहेत. मात्र शस्त्र ज्याच्या हातीं द्यावयाचें त्याचें मन कसें आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. ३१ जुलै २०२३ रोजीं जयपूर-मुंबई गाडींत चौघे गोळ्यांनीं मरण पावले. आरोप आहे तो त्याच गाडीच्या रक्षणास नेमलेल्या शिपायावर.

निःशस्त्र रक्षकासाठीं मुंबईच्या व्यापाऱ्यास चांगला मार्ग आहे. १९८१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें स्थापन झालेल्या सुरक्षा रक्षक मंडळाकडे आपली नोंदणी करून तेथील नोंदलेले रक्षक मागवितां येतात. खासगी संस्थेकडून माणूस घ्यावयाचा तर तिच्यापाशीं २००५ च्या कायद्याचा परवाना आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकासाठीं वर्गांतील १०० व प्रत्यक्ष कामाचें ६० तास शिक्षण सांगितलें आहे. त्याचा दाखला मागण्यांत कोणताहि संकोच बाळगूं नये.

बंदूकवालाच हवा असेल तर त्याचा परवाना मालकानें स्वतः वाचावा, कोणाच्या तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. नांव, शस्त्राचा क्रमांक, मुदत, आणि तो परवाना महाराष्ट्रांत चालतो काय, ही प्रत्येक बाब ताडून पाहावी. परप्रांतीं काढलेला परवाना येथें लागू असेलच असें नाहीं. निवडणुकीच्या दिवसांत पोलीस बहुधा परवान्याचीं शस्त्रें जमा करावयास लावतात. त्या काळची सोय आधींच करून ठेवावी. पहारेकरी रजेवर असतां किंवा जेवावयास गेला असतां बंदूक कोणापाशीं असते, हें पाहण्यासाठीं मालकानें एखाद्या दुपारीं न सांगतां दुकानीं यावें. कारण एकाच्या परवान्यावरील शस्त्र बदली माणसाच्या खांद्यावर देणें हा गुन्हा आहे.