सभागृहांतील मल्लखांब आणि हौशी छायाचित्रकार

कर्जत किंवा खालापूर तालुक्यांतील एखादें मूल मल्लखांबाच्या स्पर्धेंत उतरलें, कीं त्याच्याबरोबर निघणाऱ्या आईबापांच्या हातांत हल्लीं डब्याच्या पिशवीइतकाच हटकून कॅमेरा असतो. शालेय स्पर्धांचे दिवस पुष्कळदां पावसाळ्यांतच येतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुलखांत त्या वेळीं मैदान सोडून खेळ छपराखालीं न्यावा लागतो. मूल मिनिट-दीड मिनिटांत खेळून खालीं उतरतें. आणि घरीं येऊन पाहावें, तों पन्नास चित्रांपैकीं एकांतहि त्याचा चेहरा ओळखूं येत नाहीं. कोठें नुसता धुरकट पट्टा, कोठें रिकामा खांब! अशा वेळीं कॅमेऱ्यास दोष देण्याची वहिवाट आहे. ती बहुतेक वेळां अन्यायाची असते.

प्रथम वेगाचा हिशेब पाहावा. दोन मीटर उंचीवरून मुलानें अंग सोडलें, तर जमिनीजवळ येईपर्यंत त्याचा वेग सेकंदास सहा मीटरांवर जातो. कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, १/६० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्या अवकाशांत मूल १० सेंटिमीटर सरकतें. चित्रांत मग हाताचा हात राहत नाहीं. तीच झडप १/५०० सेकंदावर ठेवली, तर सरकणें सव्वा सेंटिमीटरावर येतें व चित्र बरेंच रेखीव उमटतें. धांवत्या घोड्याचे चारहि पाय एकाच वेळीं जमिनीवरून सुटतात, हें मायब्रिज यानें १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत ओळीनें कॅमेरे मांडून दाखविलें, तें याच तत्त्वावर. पण त्याच्या डोक्यावर लख्ख ऊन होतें.

सभागृहांत अडचण येते ती येथेंच. झडप जितकी चपळ, तितका आंत येणारा प्रकाश थोडा. सामान्य क्रीडागृहांत १/५०० सेकंद, एफ २.८ पर्यंत उघडणारें भिंग आणि ३२०० आयएसओ हें गणित साधारणपणें जुळतें. परंतु कॅमेऱ्याबरोबर मिळणारें साधें भिंग दूरचें दृश्य जवळ आणतांना बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडतें, म्हणजे चौथाईच प्रकाश आंत घेतें. तो भरून काढण्यास आयएसओ १२८०० वर न्यावा लागतो आणि चित्र रवाळ दिसूं लागतें. रवाळपणा खुशाल चालवून घ्यावा. हललेल्या चेहऱ्यापेक्षां तो पुष्कळ बरा. ज्या खोपोलींतून १९१५ सालापासून मुंबईच्या गिरण्यांस वीज जाऊं लागली, त्या खोपोलीच्या परिसरांत तरी दिवे भरपूर असावेत अशी अपेक्षा कोणी केल्यास तिला हंसूं नये. पण सभागृहें बांधणारांची दृष्टि बहुधा व्याख्यानावर असते, खेळावर नसते. शिवाय आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें नळीचे दिवे सेकंदांत १०० वेळां कमीजास्त होतात. डोळ्यांस तें कळत नाहीं. चपळ झडपेस मात्र कळतें, आणि पाठोपाठच्या दोन चित्रांपैकीं एक उजळ तर दुसरें पिंवळट येतें.

महागडें भिंग घेणें सर्वांस शक्य नाहीं. तथापि निसर्गानेंच एक सवलत ठेविली आहे. वर उसळलेलें अंग खालीं वळण्यापूर्वीं क्षणमात्र थबकतें. त्या क्षणीं वेग जवळजवळ शून्य असतो, आणि १/१२५ सेकंदाची झडपहि पुरते. मल्लखांबांत असे क्षण विपुल आहेत. प्रारंभींची सलामी, बोंडावरील आसन, ताजवा, दोरीवर ताणून धरलेलें शरीर, हीं सारीं स्थिरतेचीं स्थानें होत. तीं केव्हां येणार हें ज्यास आधीं ठाऊक असतें, त्याचेंच बोट वेळेवर पडतें. म्हणून स्पर्धेपूर्वीं दोन-चार दिवस पालकानें सरावास जाऊन मुलाचा क्रम पाठ करावा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं ज्या विद्येस नवें जीवन दिलें व जिची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्यें मुंबईस झाली, त्या विद्येची थोडीबहुत परिभाषा घरांत आली, तर तोहि लाभच!

फ्लॅशसंबंधीं मात्र सवलत नाहीं. अंतर दुप्पट झालें, कीं त्याचा प्रकाश चौथाईवर येतो. तेव्हां सज्जांतून मारलेला फ्लॅश पुढच्या रांगेंतील टकलांखेरीज फारसें कांहीं उजळीत नाहीं. आणि जवळून मारला तर तो धोक्याचा. एरंडेल चोळलेल्या खांबावर डोकें खालीं, पाय वर अशा स्थितींत असलेल्या मुलाचे डोळे क्षणभर दिपले, तर पुढची पकड चुकूं शकते. चित्र गेलें तरी पुन्हां मिळेल; मनगट मोडलें तर वर्ष जातें. कॅमेऱ्याचा नेम धरतांना लागणारा लहान दिवा व त्याचा आवाज, हेहि बंद ठेवावेत. मोबाइलनें अंधारांत चित्र घेतलें, तर तो पुष्कळदां अनेक चित्रें एकत्र करून एक बनवितो. हलत्या मुलाला त्यांत तीन हात फुटतात. तेथें ओळीनें जलद चित्रें घेण्याची सोय वापरावी, व बोटांनीं दृश्य मोठें न करतां स्वतःच पुढें सरकावें. अर्थात् पंचांच्या व दुसऱ्यांच्या आड न येतां.

मानवी मनोऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. अमेरिकेंत १८९८ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत उगम पावलेल्या चीअरलीडिंगमध्यें आज असेच मनोरे रचले जातात, आणि तेथील पालकांचीहि नजर आपल्याकडच्याप्रमाणें शेंड्यावर खिळलेली असते. तळच्या थरांतील मुलांचे आईबाप उगीच हिरमुसतात. वस्तुतः भार पेलतांना दांत आवळलेला, मान ताठ झालेला तो तळचा चेहरा हेंच मनोऱ्याचें उत्तम चित्र होय, आणि तो हलत नसल्यामुळें घेण्यासहि सोपा.

खालीं उतरल्यावर मूल पहिल्यानें आपल्या माणसाकडे पाहतें. त्या वेळीं त्यास काळें भिंग दिसावें कीं आईचा चेहरा, हें आधींच ठरवून ठेवावें.

चित्रांत दुसऱ्यांचीं मुलेंहि येतात. खेळाचा पोषाख तोकडा असतो. वेडावाकडा कोन आला, तर तें चित्र तेव्हांच पुसून टाकावें, आणि कोणाच्याहि मुलामुलीचें चित्र त्याच्या पालकांस विचारल्यावांचून मोबाइलवरून पसरवूं नये. मागितलें तर आनंदानें छापून द्यावें.

घरीं परतल्यावर भिजलेली पिशवी तशीच कपाटांत ठेवण्याचा आळस कोंकणाच्या या दमट हवेंत महाग पडतो. पावसाळा संपेपर्यंत भिंगाच्या आंत बुरशीचें बारीक जाळें धरतें व तें कापडानें पुसतां येत नाहीं. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यांत भिंग ठेवावें, पुड्या अधूनमधून बदलाव्यात, आणि उघडीप मिळेल त्या दिवशीं भिंगास थोडें ऊन दाखवावें.